मागच्या दारची मूठ

पेव उघडायचं ते सकाळी, आणि मग दुपारपर्यंत त्याच्याकडे पाठ फिरवून बसायचं, असा धोंडिराम आबांचा नियम होता. हरिपुरात जमिनीखाली हळद साठवायची अशी पेवं पुष्कळांची होती, पण हा नियम आबांइतका कडक कुणी पाळत नसे. त्यांचा धाकटा भाऊ केरबा चाळीस वर्षांपूर्वी घाईनं आत उतरला तो जिवंत वर आला नव्हता. तेव्हापासून पेवाच्या बाबतीत आबा कुणाचं ऐकत नसत. खरं सांगायचं तर बाकीच्या बाबतीतही फारसं ऐकत नसत, पण त्याला केरबाचं कारण नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालचा मृग लागून आठवडा झाला होता आणि आभाळ अजून कोरडंच होतं. पावसाआधी हळद काढायची तर आजच काढायला हवी होती. आकाराम गड्यानं कुदळीनं माती ओढली, तोंडावरची फरशी सरकवली आणि कंदील पेटवून दोरीनं आत सोडला. पेवाचं तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं. खाली पोट मात्र एखाद्या खोलीएवढं रुंद, आणि त्यात पाच वर्षांपूर्वी भरलेली हळद. अशी हळद कीड न लागता कितीही राहते, पण तिच्यासोबत कोंडलेली हवा माणसाला मारते. कंदील दोन पुरुष खाली गेला आणि विझला.

"वाट बघाय लागंल," आकाराम म्हणाला.

"बघू की," आबा म्हणाले. "हळद कुटं पळून जातीया."

तेव्हा सगळं घर चिंचेखाली येऊन बसलं. एरवी या घरात चार माणसं चार तास एका जागी सापडणं कठीण. त्यामुळे वर्षभर जे बोलायचं राहिलं होतं ते त्या दिवशी पेवाच्या कृपेनं बोलून झालं.

पेव उघडायला कारण झाली होती विजयमाला, आबांच्या धाकट्या लेकाची, जोतीरामची मुलगी. मॅट्रिकला ती शाळेत पहिली आली होती, आणि पुण्यातल्या एका नावाजलेल्या कॉलेजात तिला शास्त्र शाखेला जागा मिळाली होती. तिथली फी, वसतिगृह, खाणावळ, पुस्तकं हे काही जोतीरामच्या फौजेच्या पेन्शनीत बसणारं नव्हतं. म्हणून त्यानं ठरवलेलं असं, की या पेवातली हळद विकायची आणि उरलेली दोन पेवं सांगलीच्या आप्पासो आडत्याकडे गहाण टाकून कर्ज उचलायचं. आप्पासो एका पायावर तयार होता. कागदावर सह्या मात्र आबा, जोतीराम आणि थोरला हंबीरराव अशा तिघांच्या लागणार होत्या. आबांनी हो म्हटलं होतं. राहिला होता हंबीरराव, आणि तो आष्ट्याच्या एस.टी.तून उतरून धोतराचा सोगा सावरत आत्ताच येत होता.

हंबीररावला निरोप फक्त ‘पेव उघडतोय, या’ एवढाच गेला होता. आष्ट्याचा ऊस त्याच्याकडे आणि हरिपूरची पेवं आबांकडे, अशी वाटणी न करताच झालेली वाटणी होती. हळद विकली जाणार म्हणजे आपल्यालाही काही मिळणार, अशा खुशीत तो आला. चिंचेखाली बसून तो पाणी प्यायला, त्यानं पान जमवलं, आणि जोतीरामचं पुण्याचं सगळं सांगून होईपर्यंत त्या पानाला चुना लावायचा तसाच राहिला. हंबीरराव काही वाईट माणूस नव्हता. पण पैसा बाहेर जाताना दिसला की त्याच्या पोटात खरोखर दुखायचं, आणि ते त्याला लपवता येत नसे.

पोरगी हुशार आहे, हे त्यानं कबूल केलं. पण पोरगी उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार, आणि पेवं आप्पासोच्या घरी जाणार, मग आपल्या घरी काय राहणार, असं त्यानं विचारलं. मग तो तात्विक झाला.

"अंथरूण बघून पाय पसरावं मानसानं, जोतीराम."

"तुज्या लेकाच्या लग्नात तू अंथरूण बघितलंतंस व्हय?" आक्काताई म्हणाली. ही आबांची लेक, दोघा भावांच्या मधली. नवरा गेल्यावर वीस वर्षांपूर्वी माहेरी आली ती इथलीच झाली. "कोल्लापुरास्नं बँड आनलावतास. दोन दिवस वाजवत हुता."

हंबीररावनं तिच्याकडे दुर्लक्ष केलं. आणि मग आक्काताईच्याच तोंडून नको ते गेलं. भावाला टोचायच्या नादात ती म्हणाली, की पोरीचा बाप तुझ्यासारखा पैशाकडे बघत नाही म्हणून बरं, नाहीतर ते साताऱ्याचं बिनपैशाचं कार्ड आलंच होतं की.

"कसलं कार्ड?" हंबीरराव म्हणाला.

जोतीरामनं बहिणीकडे असं पाहिलं की ती बांगडी फिरवायला लागली. ते पोस्टकार्ड त्याच्या खिशात पुण्याच्या छापील पत्राच्या मागं दुमडलेलं होतं, आणि त्यानं ते तिथंच राहू द्यायचं ठरवलं होतं. आता काढावं लागलं. शाळेनं केलेल्या चौकशीवरून साताऱ्याच्या कॉलेजच्या बोर्डिंगातल्या रेक्टरबाईंनी शाईच्या मोठ्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, की मुलीला अवश्य घेऊन यावे. फी नाही. राहण्या-जेवण्याचा आकार नाही. मुली रोज सकाळी तीन तास शेतात व स्वयंपाकघरात काम करतात व मग शिकतात. सोबत अंथरूण, एक ताट आणि विळा आणावा.

हंबीररावनं ते दोनदा वाचून घेतलं. त्याचा चेहरा देवळातनं आल्यासारखा झाला.

"हे बघ, ह्याला म्हंत्यात देव पावला. सोळा आने शिक्शान फुकट, आन कागुद न्हाई, सही न्हाई, याज न्हाई. पुन्याची सरस्वती येगळी आन साताऱ्याची येगळी हाय व्हय?"

विळ्याचं नाव निघालं तेव्हा आबांनी पहिल्यांदा मान वळवली. सातारा म्हटल्यावर त्यांच्या मनात तसं वावगं काही नव्हतं. पण ‘फुकट’ हा शब्द हंबीररावनं ज्या चवीनं उच्चारला ती चव त्यांना सहन झाली नाही. फुकट ते पौष्टिक, हे थोरल्या लेकाचं ब्रीद त्यांना आयुष्यभर खुपत आलं होतं. शिवाय नातीनं विळा घेऊन कॉलेजात जायचं, म्हणजे गावानं काय समजायचं?

"धोंडिरामाची नात लोकाच्या पंगतीला बसनार न्हाई," आबा म्हणाले. "सही तू कर न्हाईतर नको करू. पोरगी पुन्याला जाईल."

असं झालं की मग घरात दोन फळ्या पडतात. आबा, जोतीराम आणि आक्काताई पुण्याकडे. हंबीरराव एकटा साताऱ्याकडे. मजा अशी, की विजयमालाचं मनही साताऱ्याकडे होतं, आणि हंबीररावतात्यानं तिची बाजू घेतल्यामुळे आता तोंड उघडायचीही तिची पंचाईत झाली होती. तात्या ज्या बाजूला ती बाजू कद्रूपणाची, असं या घरात धरून चालायची पद्धत होती. ती पेवापासून लांब, आकारामजवळ बसली होती. कंदील का विझतो ते शाळेच्या पुस्तकात वाचलेलं तिनं त्याला सांगितलं होतं. आत कोंडलेला वायू जड असतो, तळाशी बसतो, आणि तोंड उघडं ठेवलं की हळूहळू निघून जातो. आकारामनं मन लावून ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्येच की. आबा त्येच म्हंत्यात, पेवाला उसासा टाकू द्यावा."

दहाच्या सुमाराला त्यानं कंदील पुन्हा सोडला. या वेळी तो निम्म्यापर्यंत गेला आणि मगच विझला.

जोतीरामची बायको लीलाबाई भाकरीची पाटी घेऊन आली तेव्हा तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. जोतीरामची मान, आबांची काठी आणि भावजींच्या पानाचा तोबरा बघून तिनं सगळं ओळखलं. ती पदर पुढं ओढून चिंचेच्या बुंध्याआड, आक्काताईला लागून बसली. अठरा वर्षं झाली होती तिला या घरात येऊन. सासऱ्यांसमोर ती थेट कधी बोलली नव्हती. जे सांगायचं ते आक्काताईला सांगायचं, सासऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. आबाही उत्तर आक्काताईलाच देत. दोन हातांवर बसलेली माणसं मधे तिसरं माणूस घालून बोलत, आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटत नसे.

तिला लेकीचं मन ठाऊक होतं. आठ दिवस झाले पोरगी रात्री कूस बदलत होती. बापाला नाही म्हणायचं तर कसं म्हणायचं, एवढंच तिनं आईला विचारलं होतं. मुलाखतीसाठी पोरीला पुण्याला नेऊन आणल्यापासून तो जो मिरवत होता ते बघता लीलाबाईलाही उत्तर सुचलं नव्हतं. फौजेतनं आल्यापासून नवऱ्याला इतकं आनंदात तिनं पाहिलं नव्हतं. मग ती गप्प बसली. आणि आताही बसली असती. पण आबा पुन्हा म्हणाले, की दुसऱ्याचं फुकट खाऊन शिकायची वेळ आपल्या घरावर अजून आलेली नाही, आणि तिच्याच्यानं राहवलं नाही.

"आक्का," ती म्हणाली, "मामंजीस्नी सांगा, साताऱ्याचं ते फुकट न्हाई. त्याचं आपन भरलंय."

आक्काताईनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. आबांनी विचारलं, "काय म्हंती ती?"

"साताऱ्याचं आपन भरलंय म्हंती."

"कवा? कुनी?"

लीलाबाईनं पदर आणखी पुढं ओढला, पण ती थांबली नाही. "आत्याबाईंनी."

आत्याबाई म्हणजे चंद्राबाई, आबांची बायको. तिला जाऊन आठ वर्षं झाली होती. लीलाबाई सांगत गेली आणि आक्काताई पुढं सांगायचं विसरून ऐकतच राहिली. दळण काढताना चंद्राबाई सुपातली एक मूठ जोंधळा चुलीमागच्या गाडग्यात टाकायच्या. रोज. लीलाबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा त्यांनी तिलाही ती मूठ टाकायला लावली. घरात खायला कमी असलं तरी मूठ चुकवायची नाही, वाटलं तर आपल्या भाकरीतली कमी करायची. महिन्याला एक माणूस सायकलवर पोतं घेऊन साताऱ्याच्या बोर्डिंगसाठी गावातनं धान्य गोळा करायचा. गाडगं त्याच्या पोत्यात रिकामं व्हायचं. असं कितीतरी घरांतनं जायचं, आणि त्याच्यावर तिथली पोरं जेवायची, शिकायची.

"ते गाडगं देवीच्या नावाचं हुतं," आबा म्हणाले. पहिल्यांदाच ते थेट सुनेच्या दिशेनं बोलले होते, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. "मी इचारलं हुतं तिला. देवीचं म्हनाली."

"तुमी त्या मानसाला हाकलला हुतासा म्हनून," लीलाबाई म्हणाली.

ते आबांना आठवलं. आठवायला फार खणावंही लागलं नाही, कारण ते त्यांनी पुढं कितीदा तरी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, बढाई म्हणून. इंग्रजाचं राज्य होतं तेव्हा. खादीची टोपी घातलेला एक धडधाकट, मिशीवाला माणूस दारात येऊन ओंजळभर धान्य मागत होता. तो कशासाठी मागतोय ते आबांनी विचारलंच नव्हतं. हातीपायी धड असून भीक मागतोस, लाज वाटत नाही, म्हणून त्यांनी त्याला पायरीवरून खाली उतरवला होता. तो माणूस नमस्कार करून गेला होता. आबांना त्या नमस्काराचं तेव्हा हसू आलं होतं.

"मग पुढं?" आबांनी विचारलं. "त्यो तर परत आला न्हाई."

"मागच्या दारानं यायचा," हंबीरराव म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो पानाच्या डबीचं झाकण उघडत मिटत होता.

"आईनं मला घराभाईर उभा केलावता. आबा मळ्यात गेलं का बघून यायाचं, मग गाडगं उचलून गल्लीच्या कोपऱ्यापातूर न्हायचं. अकरा-बारा वर्साचा हुतो. मला लय राग यायचा. घरात भाकरी मोजून, आन ही मूठ मूठ लोकाच्या पोरास्नी. एकदा म्या अर्दं गाडगं वाटंत वाण्याला इकलं आन शेंगदानं खाल्लं." तो थांबला. "आईला कळलं. मारलं न्हाई तिनं. दोन दिवस तिनं सोता भाकरी खाल्ली न्हाई आन गाडगं परत भरलं."

हे हंबीररावनं पंचेचाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. सांगून झाल्यावर त्याला वाटलं होतं तेवढी लाज वाटली नाही. उलट बरं वाटलं. आक्काताई त्याच्यावर काही तरी फेकेल म्हणून त्यानं वाट बघितली, पण ती डोळ्यांना पदर लावून बसली होती. आईचं असं काही आपल्याला ठाऊकच नव्हतं, या दुःखानं तिला रडू येत होतं, आणि अशा आईच्या पोटी आपण जन्मलो या आनंदानंही येत होतं. दोन्हीला एकच पदर पुरवत होती ती.

आबा बराच वेळ काठीनं माती उकरत राहिले. पन्नास वर्षं ज्या बाईच्या हातचं जेवलो तिनं पाठीमागं एवढं मोठं काही चालवलं होतं. त्यांना राग यायला हवा होता. तो त्यांनी शोधला, पण सापडला नाही. कुणाची तरी पोरं शिकली, मास्तर झाली, कलेक्टर कचेरीत लागली. त्यांच्या पोटात या घरचा जोंधळा गेला होता, आणि घरच्या धन्याला पत्ता नव्हता.

"लीले," ते म्हणाले. मधे आक्काताई नव्हती, कुणी नव्हतं. "ती गेल्यावर बंद झालं आसंल."

"न्हाई," लीलाबाई म्हणाली. "आता चक्कीला दळान धाडायच्या आदी काढते. आज सकाळचीबी काढली."

"सायकलवाला अजून येतो?"

"त्यो म्हातारा झाला. त्येचा पोरगा येतो. पुडच्या दारानं या म्हनलं तर म्हंतो, आमाला मागलंच ठावं हाय."

आबा हसले, आणि हसता हसता त्यांना नाक पुसावं लागलं. "म्हंजी म्या पुडच्या दारानं हाकललेलं पुन्य तिनं मागल्या दारानं घरात घेतलं," ते म्हणाले. "लय उपकार झालं तिचं माज्यावर. जित्ती आसती तर मला सांगताबी आलं नसतं. तोंड कसं उगडलं आसतं म्या."

मग त्यांनी नातीला हाक मारली. इतका वेळ जिच्यासाठी हे चाललं होतं तिला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. विजयमाला येऊन उभी राहिली. बापाकडे न बघता बोलायचं, असं तिनं ठरवलं होतं.

"तुला कुटं जायाचं हाय?" आबांनी विचारलं.

"पुन्याचं कॉलेज मला आवडलंय, आबा. खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "तितल्या प्रयोगशाळेत प्रत्येकीला येगळं टेबल हाय. आमच्या शाळेत चाळीस जनींत एक काचनळी हुती. पन तितं मी येका वर्साला नापास झाले तर दोन पेवं गेली. परीक्षेला बसल्यावर मला पेपर दिसनार न्हाई, पेवंच दिसतील. भीत भीत न्हाई मला शिकता यायचं. साताऱ्यात सकाळी काम केलं की पुडचा दिवस माजा. तितं मी नापास झाले तर तेवडं माजं मला रडाय लागंल, बाकी कुनाला न्हाई."

"आन काम जमंल तुला? रोज तीन तास?"

"इतं काय मी पलंगावर बसून आसते व्हय?"

आक्काताई मधेच म्हणाली, की हे मात्र पोरीचं खरं आहे. पुण्याची फळी अशी एका वाक्यात मोडली. आबांनी जोतीरामकडे बघितलं. पुण्याचं पत्र आणि साताऱ्याचं कार्ड त्यानं एकावर एक ठेवून पुन्हा खिशात घातलं, नीट, घडी न मोडता, आणि बैलांना पाणी दाखवायची वेळ झाली म्हणत उठून गेला.

पावणेबाराला कंदील तळापर्यंत गेला आणि जळत राहिला. आबांनी स्वतः दोरी धरून शंभरापर्यंत आकडे मोजले, मग आकारामला उतरू दिलं. पहिली पाटी वर आली. हळकुंडं भरली तशीच होती, खणखणीत. पेव उघडलंच आहे तर हळद बाजारात जाऊ दे, आप्पासोला मात्र कागद नको म्हणून निरोप धाडा, असं आबांनी सांगितलं. आणि एक पोतं साताऱ्याला पाठवायचं.

"आख्खं पोतं?" हंबीरराव म्हणाला. सवयीनं म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं. "आवं, आबा, तितल्या पोरीस्नी धा वर्सं पुरंल. आमटी कमी आन हळद जास्ती."

"पुरू दे," आबा म्हणाले. "यष्टीच्या टपावर टाक आन तूच घिऊन जा. आन ह्या बारीला वाटंत इकू नको."

लीलाबाईनं तोंडाला पदर लावला. हंबीररावनं हात जोडले. मग त्यानंच उठून आबांच्या हातातली दोरी घेतली आणि पाट्या ओढायला लागला. त्याला असं अंगमेहनत करताना बघायची सवय नसल्यामुळे आबांनी दोन-तीनदा मान वळवून खात्री करून घेतली.

विजयमाला नदीकडे गेली. संगमाच्या खालच्या अंगाला जोतीराम बैल घेऊन गुडघाभर पाण्यात उभा होता. नारळाच्या काथ्यानं तो बैलाची पाठ घासत होता, एकच जागा पुन्हा पुन्हा. ती काठावर बसली. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. रागावलेल्या बापाची समजूत काढायची रीत तिला येत होती.

"मी पुन्यात आसताना सायबाची जीप चालवायचो," बैलाकडे बघतच तो म्हणाला. "सायबाची लेक त्या कॉलेजात हुती. रोज सकाळी सोडायचं, दुपारी आनायचं. सवा तीन वर्सं. फाटकाच्या आत गाडी न्यायची न्हाई, आसा नेम. म्या भाईर हुबा ऱ्हायचो. आत मोटी मोटी झाडं हुती, पोरी पुस्तकं छातीशी धरून जायच्या. तवा तू वरीसभराची हुतीस. गावास्नं कार्ड यायचं, पोरगी चालाय लागली, पोरगी बोलाय लागली. आन म्या फाटकावर हुबा ऱ्हाऊन बघायचो. म्हनायचो, एक डाव आपलीबी जाईल ह्यातनं. म्या भाईर हुबा ऱ्हाईन, चालंल."

हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पुण्याला मुलाखतीला ती दोघं गेली तेव्हा त्या फाटकापाशी तो मिनिटभर रेंगाळला होता, आणि चपलेत खडा गेलाय असं तिला सांगितलं होतं. आपल्याला ज्यानं एवढं दिलं, दुसऱ्याच्या फाटकावर उभं राहून आपल्यासाठी मागितलं, त्याला आपण चार माणसांत नाही म्हणून आलो. बापाचे उपकार तिला त्या क्षणी इतके दिसले की सकाळपासूनची सगळी शहाणी कारणं तिला लहान वाटली.

ती उठली आणि परकर सावरत पाण्यात उतरली.

"आण्णा, तुमी एकदा म्हना," ती म्हणाली. "फकस्त तुमी म्हना. मी पुन्याला जाते. सही झाली न्हाई तर तात्यांच्या पाया पडते. मनापासनं जाते."

जोतीरामचा हात थांबला. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द त्याच्या जिभेवर होता. पोरगी खोटं बोलत नव्हती, ती खरंच गेली असती. पुस्तकं छातीशी धरून झाडांखालून जाणारी विजयमाला त्यानं सोळा वर्षांत इतक्यांदा बघितली होती, की तिची सावलीसुद्धा त्याला पाठ होती. त्यानं ती आणखी एकदा बघून घेतली.

"नको," तो म्हणाला. "माज्यासाठी गेलीस तर ते आप्पासोच्या कर्जापरीस वाईट. त्येचं फिटतं तरी."

ती रडायला लागली. त्यानं ओल्या हातानंच तिचं डोकं आपल्या खांद्याशी धरलं, आणि मग बैलानं अंग झाडलं तसे दोघंही भिजले. ती रडता रडता हसली. जोतीरामनं तिच्या हातात काथ्या दिला, दुसरा बैल तिच्यापुढं केला, आणि दोघं कामाला लागली. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं,

"साताऱ्याला पोरीसंगं बापाला आत सोडत्यात का गं?"

"सोडत्यात," ती म्हणाली. "पंगतीला बसवत्यात. जेवल्यावर ताट मातर आपलं आपन घासायचं."

जोतीरामनं ओंजळीत पाणी घेतलं.

"घासतो की," तो म्हणाला, आणि बैलाच्या पाठीवर पाणी मारायला लागला.